दुभाजकातली कण्हेर आणि ह्यांचं कोपर

केळव्यात आमच्या वाडीकडे जाणारा रस्ता इतका अरुंद आहे, की समोरून म्हैस आली तर मागे गाडीने जायचं, म्हशीने नाही. हा तिथला जुना रिवाज आहे आणि तो म्हशींनाही ठाऊक आहे. दोन्ही बाजूंना वाड्यांची कुंपणं. कुठे अडुळसा, कुठे जास्वंद, कुठे नुसते झावळ्यांचे पडदे, आणि मध्ये एक गाडी जाईल एवढी वाट. पाहुणे येतात मुंबईहून शनिवार-रविवारी समुद्रावर, चुकून ह्या वाटेला लागतात, आणि मग त्यांच्या मोठ्या मोठ्या गाड्या अंग चोरून अशा उभ्या राहतात, जशी नवी सून सासरच्या पडवीत.

आमचे हे मात्र ह्याच वाटेवर गाडी शिकले. त्यांना शिकवलं त्यांच्या थोरल्या भावाने, आणि त्याने एकच मंत्र दिला. गाडीचं चाक उजव्या हाताला, माणूसही उजव्या हाताला. डावीकडचं कुंपण किती लांब आहे ते बसल्या जागेवरून कळत नाही. म्हणून उजवं कुंपण धरायचं. काच खाली करायची, कोपर खिडकीत ठेवायचं, आणि कुंपणाचं पान कोपराला लागेल एवढं जवळून जायचं. उजवीकडे पान लागलं म्हणजे डावीकडे जागा आहे, बघायची गरज नाही. "पान लागलं पायजे, काटा नाय." गावात ज्याच्याकडे म्हणून चारचाकी आहे, तो असाच चालवतो. आमच्या ह्यांचा तर सदरा बघून मी सांगते की आज गाडी काढली होती. उजव्या बाहीला कोपराशी हिरवा डाग. किती साबण लावला तरी तो पुरता जात नाही, आता मी लावतही नाही.

पुढे हे बोईसरला कारखान्यात लागले. तिथे रस्ते रुंद, पण कडेला ट्रकच ट्रक उभे, त्यामुळे तिथेही जाणार ते दोन भिंतींमधून गेल्यासारखंच. कोपराचा मंत्र तिथेही चालला. मुलगी मोठी झाली तेव्हा तिलाही ह्यांनी वाडीच्याच वाटेवर गाडी शिकवली. मी अडकित्ता घेऊन दारात सुपारी कातरत बसायची आणि हे दोघे वाटेने वरखाली करायचे. ती रडकुंडीला यायची. हे शांतपणे म्हणायचे, "बाय, हात बाहेर काढ. झाडाला विचार." झाडाला विचार म्हणे. पण शिकली हो ती.

लग्न होऊन ती वापीला गेली. आणि हे निवृत्त झाले. आता निवृत्त माणसाचं काय असतं, ते मी सांगायला नको. सकाळी वाडीत फेरी, नारळ मोजल्यासारखं करायचं, पानवेलीला पाणी गेलं का बघायचं, की झालं, दहा वाजले. पण महिन्यातनं एकदा वापीला जायचं असलं की वेगळेच दिसायचे. आदल्या दिवशी दाढी. गाडी पुसून ठेवायची. नारळ, वेलची केळी, एखादा फणस, सोनचाफ्याची फुलं ओल्या फडक्यात, असं मागे भरायचं. केळव्याहून पालघर, पालघरहून मनोर, आणि मनोरला हायवेला लागलं की सरळ उत्तरेला. बापाने लेकीकडे आपल्या हाताने गाडी चालवत जायचं, ह्यात त्यांचं सगळं निवृत्त आयुष्य बसलेलं होतं. हे ते कधी बोलले नाहीत. पण गाडीत बसल्यावर किल्ली फिरवायच्या आधी ते एकदा छातीवरच्या खिशावर हात ठेवायचे, देवळात शिरताना ठेवतात तसा.

तर ह्या किल्लीचीच गोष्ट सांगायची आहे.

एकदा वापीला पोचलो. लेक खाली आली नारळाची पिशवी घ्यायला आणि पिशवी न घेता गाडीकडेच बघत राहिली. उजव्या अंगाला पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत ओरखडे, आणि पुढच्या चाकाच्या कडेला चांगली खोक पडलेली. "बाबा, हे काय?" हे म्हणाले, "कुठे काय?" खरंच सांगते, त्यांना माहीत नव्हतं. वाटेत कसलासा खरखर आवाज झाला होता तो मीही ऐकला होता, पण मला वाटलं नारळ घसरले.

जेवायला बसलो. आमची लेक रागावली की वाढते फार. एकावर एक पोळी. शेवटी मला स्वयंपाकघरात घेऊन म्हणाली, "आई, बाबांची गाडी हायवेच्या मधल्या कठड्याला घासली आहे. त्यांना दिसत नाही. उद्या काही झालं तर मी काय करू?" मग बाहेर येऊन ह्यांना सांगितलं. आधी पालघरला डोळे दाखवून या. आणि पुढच्या वेळी मी केळव्याला येते, वापीला परत येताना तुम्ही चालवा, मी मागे बसून बघते. पुन्हा गाडी तशीच कठड्याकडे गेलेली दिसली तर किल्ली माझ्याकडे.

हे म्हणाले, "बरं." एवढंच. पण त्या दिवशी परतताना मनोरपर्यंत त्यांनी माझ्याकडे खायचं पान मागितलं नाही.

डोळे दाखवले. डॉक्टरांनी सगळं तपासलं. मोतीबिंदू आधीच काढलेला, नजर चांगली. माझ्यापेक्षा चांगली निघाली, ते मला मुद्दाम दोनदा ऐकवण्यात आलं. मग घासली कशी? हे म्हणाले, "रस्ताच वाकडा हाय. नवीन बांधलाय ना." मी म्हटलं, सगळ्या गाड्यांना सरळ आणि तुम्हालाच वाकडा?

पण मला ते स्वस्थ बसू देईना. चांगला दिसणारा माणूस, इतकी वर्षं चालवणारा, त्याची गाडी उजवीकडे का जावी? मग मी ठरवलं की बघायचं. मी बसते डावीकडे पुढे. मला काम काय, पानाला चुना लावणं आणि समोर बघणं. माझ्या बाजूचा तो पाणी पुसायचा वायपर असतो ना, त्याच्या टोकाशी रस्त्यावरची पांढरी रेघ कुठे येते ते मी धरून ठेवलं. रेघ टोकाच्या आत आली की गाडी डावीकडे गेली. रेघ टोकापासून दूर गेली की गाडी उजवीकडे. कोणी शिकवलं नाही, भाकरी थापताना कड जाड झाली की बोटांना कळतं, तसंच हे.

त्या महिन्यात आम्हाला मनोरला दोनतीनदा जावं लागलं, एकदा तर मीच काहीतरी निमित्त काढून पुढे चारोटीपर्यंत नेलं. आणि मला एक गंमत दिसली.

रस्त्याच्या मधल्या बांधाला वर्तमानपत्रात दुभाजक म्हणतात. पानांच्या करंडीत घालायला रद्दी येते, त्यात मी तो शब्द वाचला. आम्ही सगळे डिव्हायडरच म्हणतो. तर हा डिव्हायडर सगळीकडे सारखा नसतो. पालघर गावात तो गुडघाभर, काळापिवळा रंगवलेला. तिथे माणसं त्यावरून उड्या मारून पलीकडे भाजी घ्यायला जातात, त्यामुळे सगळ्याच गाड्या दबकत चालतात, आमचीही. मनोरच्या पुढे हायवेला काही ठिकाणी नुसती सिमेंटची भिंत आहे, उघडी, उजव्या खिडकीला लागून. तिथे आमचे हे कोपर आत घेतात. मला वाटतं त्यांना स्वतःला कळतही नाही. कोपर आत, मान ताठ, गाडी हळू, आणि माझ्या वायपरच्या टोकाशी पांढरी रेघ आत आत यायला लागते. म्हणजे गाडी भिंतीला भिऊन डावीकडे सरकते. मागचा ट्रकवाला भोंगा वाजवतो. नीट बघितलं तर तिथे पुढची गाडीही तशीच अंग काढून चाललेली असते, तिच्या पुढचीही. म्हणजे भिंतीला सगळेच भितात.

आणि मग येते कण्हेर.

भिंत संपते, मध्ये चांगला रुंद मातीचा पट्टा येतो, दगडी कड आणि त्यात ओळीने कण्हेर लावलेली. गुलाबी, पांढरी, कुठे कुठे बोगनवेल. पलीकडून येणाऱ्या गाड्या दिसत नाहीत. समोरचे दिवे नाहीत, कोणाचं तोंड नाही, वाटतं रस्ता आपल्या एकट्याचाच. तिथे सगळ्यांचाच पाय खाली जातो, गाड्या सुटतात नुसत्या. आमच्या ह्यांच्याही मानेचा ताठा जातो. काच खाली होते. हे गुणगुणायला लागतात. कोपर हळूच खिडकीत येतं. आणि माझी पांढरी रेघ वायपरच्या टोकापासून दूर, दूर, अजून दूर. कण्हेर वाढून रस्त्यावर वाकलेली. तिचं पान सर्रकन कोपराला लागतं, आणि हे असे खुलतात, जसे वाडीच्या वाटेला लागले. कण्हेरीखाली दगडी कड आहे, ती झाकलेली. कुंपणाखाली कधी दगडी कड असते का? ह्यांच्या हाताला ते ठाऊकच नाही.

मी चारोटीला चहा पिताना सांगितलं. म्हटलं, तुमचे डोळे बरे आहेत, तुमचं कोपर केळव्याला राहिलंय. तुम्ही हायवेच्या कण्हेरीला आपल्या वाडीचं कुंपण समजता.

ह्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मी काय येडा हाय? मला हायवे नि वाडी कळत नाय?"

"तुम्हाला कळतं. कोपराला कळत नाही."

"मग कोपरालाच सांग."

चिडले होते. पण परतताना कण्हेरीचा पट्टा आला तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या बाहीकडे एकदा बघितलं, मी बघितलं ते. मग घरी आल्यावर आमचं ठरलं. लेक मागे बसेल त्या दिवशी मी उघड काही बोलायचं नाही, नाहीतर ती म्हणेल आईच्या डोळ्यांनी गाडी चालवतात. मी फक्त "पान देऊ का?" म्हणायचं. ते ऐकलं की ह्यांनी समजायचं की रेघ लांब गेली, गाडी डावीकडे घ्यायची. मला वाटलं, केवढी हुशारी केली.

लेक आली ठरल्यासारखी. पालघर स्टेशनवर हे तिला आणायला गेले, तेव्हा बाहीला ताजा हिरवा डाग नव्हता. एक रात्र राहिली, शेजारणींकडे जाऊन आली, समुद्रावर पाय भिजवून आली, आणि रविवारी जेवून आम्ही निघालो. मागच्या सीटवर एका बाजूला ती आणि एका बाजूला केळीचा घड. दोघंही ताठ.

वाडीची वाट हे असे चालवून गेले की काय सांगू. पान लागलं, काटा नाही. पालघरला गर्दीतून अलगद. मनोरच्या रस्त्याला म्हशींचा कळप आडवा आला तर हे थांबले, मागून हॉर्न वाजले तरी थांबले. मी आरशात बघितलं. लेकीचा चेहरा सैल झाला होता. मला वाटलं, जिंकलो.

हायवेला लागलो. भिंत आली. कोपर आत, गाडी हळू, जरा डावीकडे, पण ठीक. मग कण्हेर दिसायला लागली लांबून, गुलाबी गुलाबी. मी पानाचा डबा मांडीवर घेऊन तयारच होते. काच खाली गेली. गुणगुणणं सुरू झालं. रेघ टोकापासून सुटली. मी म्हटलं, "पान देऊ का?"

हे म्हणाले, "दे की." आणि डावा हात पुढे केला.

आता काय करणार? दिलं पान. त्यांनी तोंडात टाकलं आणि सुखाने कोपर खिडकीबाहेर काढलं. मी पुन्हा म्हटलं, "अहो, पान देऊ का?" तर म्हणाले, "आत्ताच दिलंस ना? इसरलीस काय?" आणि तेवढ्यात कण्हेर सर्रकन लागली, खिडकीतून दोन फुलं आत पडली, आणि मागून लेक म्हणाली, "बाबा, गाडी बाजूला घ्या."

आवाज चढवला नव्हता तिने. पुढे एक हॉटेल होतं, त्याच्या अंगणात ह्यांनी गाडी नेऊन लावली. किल्ली काढली. त्यांना समजलं होतं. आजवर भांडणात ह्या माणसाने कधी माघार घेतलेली मी पाहिली नाही, पण त्या दिवशी घेतली. मागे वळून लेकीच्या हातात किल्ली ठेवली आणि खाली उतरले. सदऱ्याची बाही झटकली. हिरवा डाग पडला होताच.

मी लेकीला कोपराचं सगळं सांगितलं तिथेच. भिंतीचं, कण्हेरीचं, वायपरच्या टोकाचं. ती म्हणाली, "आई, कारण काहीही असू दे. गाडी गेली ना कडेला? मग झालं." ते बरोबरच होतं. डोळे गेले काय नि कोपर गेलं काय, दगडाला दोन्ही सारखंच.

ती पुढे बसली चालवायला. हे मागे, केळीच्या घडाशेजारी. मी माझ्या जागेवर, पानाचा डबा मांडीवर. हे खिडकीबाहेर अशा बाजूला बघत होते, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

पुन्हा भिंतीचा तुकडा आला. लेक सांभाळून चालवते, गाडी मध्ये, हात दोन्ही चाकावर. मला अभिमानही वाटला आणि वाईटही वाटलं. मग भिंत संपली, कण्हेर सुरू झाली. पलीकडचं काही दिसेना, रस्ता आपलाच. दुपारची हवा गरम होती. तिने काच खाली केली. मी सवयीने समोर बघत होते, वायपरच्या टोकाकडे, आणि माझ्या लक्षात आलं की रेघ लांब चालली आहे. मी उजवीकडे बघितलं. आमच्या लेकीचं कोपर खिडकीत होतं.

मी काही बोलले नाही. शपथ. मला बोलता आलंच नसतं, हसू आवरत होते.

रेघ अजून लांब गेली. कण्हेर जवळ आली, आणि सर्रकन तिच्या ड्रेसच्या बाहीवरून गेली.

मागून, केळीच्या घडामागून, ह्यांचा आवाज आला, एकदम सावकाश, पूर्वी वाडीच्या वाटेवर यायचा तसा. "पान लागलं पायजे..."

लेकीने आधी बाहीकडे बघितलं. मग तिने कोपर आत ओढलं, गाडी डावीकडे घेतली, मधल्या लेनमध्ये आणली, आणि म्हणाली, "...काटा नाय." आणि हसायला लागली. अशी हसली की शेवटी तिलाच गाडी हळू करावी लागली. म्हणाली, बाबा, तुम्ही मला काय शिकवून ठेवलंय. रोज नोकरीला मी ह्याच हायवेने जाते, कठड्याला लागून, आणि माझ्याच गाडीला उजवीकडे कोण ओरखडे काढतं म्हणून वॉचमनशी भांडते.

हे म्हणाले, "त्या वॉचमनला एक नारळ दे."

पण किल्ली तिने लगेच दिली नाही हं. वापीला पोचेपर्यंत तीच चालवत होती, आणि स्वतःचं कोपर बघत होती. कण्हेर आली की बोलायची, "बघा, आली. बघा, हात जायला लागला." दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो तेव्हा खाली आली, किल्ली तिच्या मुठीत. ह्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, हायवेला मधली लेन. कठड्याकडची नाही. आणि काच वर."

"उकडतं गं."

"उकडू दे. काच वर. कोपर आत."

"आणि तू?"

"मीसुद्धा."

मग तिने किल्ली ह्यांच्या हातात ठेवली. ह्यांनी खिशावर हात ठेवला, मग गाडीत बसले.

परतीला मी वायपरच्या टोकाकडे बघत होते. अजूनही बघते, आता मलाच सवय झाली आहे. कण्हेरीचा पट्टा आला, सगळ्या गाड्या सुटल्या भरधाव, आम्ही मधल्या लेनमधून आपले बेताने. ह्यांची काच वर होती. कोपर आपसूक गेलंच खिडकीपर्यंत, पण काचेला टेकून थांबलं. तसंच, काचेला टेकलेलं, मनोर येईपर्यंत. पलीकडून कण्हेर येत होती, जात होती. मी म्हटलं, पान देऊ का? ह्यांनी आधी रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "खरंच विचारतेस की सांगतेस?"

मी खरंच विचारत होते.

केळव्याच्या वाडीच्या वाटेला वळलो, तेव्हा ऊन उतरलं होतं. तिथे ह्यांनी काच खाली केली, पूर्ण, आणि कोपर बाहेर काढलं. अडुळशाला नवी पालवी आली होती. समोरून म्हैस आली, म्हणून आम्ही मागे गेलो.